सगळीकडे पाच

माझं काम सांगितलं की माणसं एकतर हसतात, नाहीतर विषय बदलतात. मी दवाखान्यात नर्स आहे आणि सध्या एका नव्या उपचाराच्या चाचणीवर नेमलेली आहे. काही पुरुषांची ताठरता टिकत नाही, कारण तिथलं रक्त एका गळक्या शिरेतून निसटून जातं. ती शीर बंद करून फरक पडतो का, हे आम्ही तपासतो. चिरफाड नाही, टाके नाहीत. सुईच्या छिद्रातून बारीक नळी आत सारायची, शिरेत औषधी गोंद सोडायचा, संध्याकाळी माणूस चालत घरी. तिथे डॉक्टरांचं काम संपतं आणि माझ्या डोक्याचा ताप सुरू होतो. तीन महिन्यांनी प्रत्येकाकडून पंधरा प्रश्नांचा अर्ज भरून घ्यायचा असतो. एक म्हणजे अजिबात जमत नाही, पाच म्हणजे उत्तम. बावीस घोडे झालेले पुरुष, पण एक सरळ उत्तर देईल तर शपथ. एकाने पंधराही प्रश्नांपुढे 'देवाची कृपा' लिहिलं. दुसऱ्याने अर्ज मेहुण्याकडून भरून आणला.

त्या दिवशी आले ते काटेवाले. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासून शिक्का मारणं ही त्यांची नोकरी. पहिल्या भेटीत त्यांनी आमचाच वजनकाटा दोनशे ग्रॅमने चुकीचा ठरवला होता, आणि तो खरोखरच चुकीचा निघाला. म्हटलं, हा माणूस तरी अर्ज नीट भरेल.

त्यांनी अर्ज माझ्या हातात दिला. सगळीकडे पाच.

सकाळच्या सोनोग्राफीचा कागद माझ्याच फाइलमध्ये होता. डाव्या बाजूची शीर अजून गळत होती. ज्यांचे आकडे कमी येतात त्यांना आम्ही दुसऱ्यांदा उपचार देतो. ज्यांचे चांगले येतात त्यांची फाइल त्याच दिवशी बंद होते. म्हणजे हा अर्ज असाच गेला असता तर त्यांची संधी गेली होती. आणि काय लिहायचं ते मी सांगायचं नाही, अर्ज घेतल्याशिवाय सोनोग्राफी दाखवायची नाही, असा नियम. नियम करणाऱ्यांना एकदा माझ्या खुर्चीत बसवलं पाहिजे.

त्यात बाहेरच्या बाकावर त्यांची बायको. मी पाणी प्यायला गेले तेव्हा तिने मला गाठलं होतं.

"सिस्टर, यांच्या पायाची शीर बरी झाली ना?"

"तुम्ही त्यांनाच विचारा ना, ताई."

"विचारते. बरी आहे म्हणतात. मग अजून दुसऱ्या खोलीत का झोपतात?"

रुग्णाचं गुपित घरच्यांनाही सांगायचं नाही, हा आणखी एक नियम. मी ग्लास ठेवला आणि आत आले.

"साहेब, पंधराही प्रश्न वाचलेत?" मी विचारलं.

"वाचले."

"मग?"

"डॉक्टरांनी एवढी मेहनत घेतली, सिस्टर. देवमाणूस आहे. त्यांच्या कामाला बट्टा कशाला लावायचा?"

मी कपाळाला हात लावला. खरं सांगते, दोन मुस्कटात द्याव्यात असं वाटलं.

"तुम्ही तपासणीला गेलात," मी म्हटलं, "दुकानदाराने खुर्ची दिली, घरच्यांची विचारपूस केली. भला माणूस. पण काट्यात फरक निघाला. शिक्का मारता?"

"अठ्ठावीस वर्षांत एकदाही नाही."

"का?"

"मग गिऱ्हाईकाचं काय?" असं म्हणाले. मग त्यांनी बंद दाराकडे बघितलं. बाहेर बाकावर बायको होती.

"दुसरा अर्ज द्या," ते म्हणाले.

"दुसरा मिळत नाही. चुकलेलं एका रेघेने खोडायचं, शेजारी बरोबर लिहायचं, सही करायची."

त्यांनी पंधरा वेळा खोडलं आणि पंधरा सह्या केल्या. कुठे दोन, बहुतेक ठिकाणी एक. शेवटच्या पानावर जोडीदारासाठी एक प्रश्न असतो, ऐच्छिक. त्यावर त्यांनी आधी आडवी रेघ मारून ठेवली होती. ती बघत ते म्हणाले, "तिला आत बोलवा. माझं मन बदलायच्या आत."

बाईंनी चष्मा लावून अर्ज पहिल्यापासून वाचला. मला पळून जावंसं वाटत होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दीड वर्ष."

"आणि पाय?"

"पायाला काही नाही."

बाईंनी चष्मा काढला. "दीड वर्ष मी आरशात बघतेय, माझं काय बिघडलं म्हणून. केस रंगवले. जेवण अर्ध्यावर आणलं. वाटलं, बाहेर कोणी आहे. आणि तुम्ही पट्टी बांधून फिरत होतात, कधी डाव्या पायाला, कधी उजव्या?"

"मला लाज वाटत होती."

"आणि मला काय वाटत होतं?"

त्यांनी अर्जाचं शेवटचं पान बाईंपुढे सरकवलं. बाईंनी माझ्याकडे पेन मागितलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी खाडाखोड बघून तोंड वाकडं केलं. "खोडायच्या आधी हा आपला सगळ्यात चांगला निकाल होता," म्हणाले. मी सोनोग्राफीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि दुसऱ्या उपचारासाठी मंगळवारची तारीख मागितली. कुरकुरत दिली.

मग फाइल लावताना मी शेवटचं पान बघितलं. 'जोडीदाराशी जवळीक कितपत वाटते?' बाईंनी आधी एक लिहिला होता. तो एका रेघेने खोडून शेजारी तीन लिहिला होता, आणि नवऱ्याचं बघून पुढे सही केली होती.