गुलाबी थेंबांची पांढरी पट्टी

“चार मिनिटं डुलव, घाई नको. आणि आजार जुना असेल, तर हिच्या एकटीच्या ‘नाही’वर विसंबू नकोस!”

मित्रांनो, दवाखान्यातल्या म्हाताऱ्या सालेहने नव्या मदतनीस मब्रूकाला रक्ततपासणी शिकवताना दिलेली ही ताकीद मी विसरलेले नाही. मी एक जुनी, चिनीमातीची पांढरी पट्टी आहे. अल्जेरियातल्या जेल्फा गावच्या दवाखान्यात माझ्यावर रक्ताच्या निवळीचा थेंब पडतो, शेजारी गुलाबी औषधाचा. दोन्ही मिसळून दाणे धरले, की मेंढ्यांकडून, त्यांच्या कच्च्या दुधातून येणारा माल्टा ताप अंगात आहे असं समजतात. मेंढ्या विण्याच्या दिवसांत रोग्यांची रांग लागे, तेव्हा सगळे म्हणत, “पट्टीनं सांगितलं ना? मग झालं!” खोटं कशाला बोलू, मला थोडा गर्व झाला होता.

एके सकाळी खद्रा आपल्या सुनेला, फतीहाला, घेऊन आली. सुनेची कंबर वर्षभर दुखत होती.

“धार काढायची वेळ झाली, की बरोबर दुखते!” खद्रा म्हणाली.

“आणि अंगावरचा घाम? तोही नाटकाचा का, खाला?” मब्रूकाने विचारलं.

चार मिनिटं झाली. माझ्यावर एकही दाणा धरला नाही. काचनळ्यांतली तपासणीही ‘नाही’ म्हणाली.

“बघ! आता हिला माहेरी धाडते, कामाची सून आणते.”

फतीहाने मान खाली घातली. मब्रूकाला मात्र सालेहचा आवाज आठवला. “उद्या या,” एवढंच ती म्हणाली. जुन्या आजारात रक्तातली प्रतिद्रव्यं औषधातल्या मेलेल्या जंतूंना चिकटतात, पण कधीकधी त्यांची गाठ बांधत नाहीत. तिने त्याच नळ्यांतले जंतू धुऊन त्यांत गाठ बांधणारं दुसरं औषध घातलं. सकाळी तळाशी जाळं धरलं होतं, म्हणजे ‘आहे’!

“ताप आहे, खाला. डॉक्टर औषधं देतील. पण घरात कच्चं दूध बंद.”

“पाहुण्यापुढे उकळलेलं दूध ठेवू? तंबूत कोणी पाऊल ठेवणार नाही!”

“मग आजारच वाढा पाहुण्याला.”

 खद्राने सुनेच्या कमरेवर हात ठेवला. “बोलली का नाहीस गं?”

“वर्षभर बोलतेच आहे, अम्मा.”

“...शब्द देते. आजपासून कच्चा थेंब नाही.”

मित्रांनो, मब्रूका रोज नेमाने मला धुते, पुसते. मी समाधानी आहे. पहिला शब्द माझा असला, तरी शेवटचा नसावा. दुखणाऱ्याचंही ऐका, एवढंच मागणं.

त्या सकाळी खद्राने मब्रूकासाठी ताज्या दुधाची किटली आणली होती. शब्द दिल्यावर तिनेच ती उचलली आणि दूध उकळायला ओसरीतल्या चहाच्या शेगडीकडे निघाली.