मास्तरांच्या अंगठ्याखालचं बटण

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे हं! मी दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरचा रिमोट. बोटाच्या पेराएवढा एक रिसीव्हर माझा जोडीदार. तो कॉम्प्युटरला लावला तरच माझं बोलणं त्याला कळतं, नाहीतर मी नुसतं प्लास्टिक.

मला निवडलं ते एका शिंप्याने. सगळे त्यांना मास्तर म्हणत. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवून त्यांची नजर अधू झाली होती. त्यांच्या बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. मुलीने घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या आणि त्या मास्तरांना स्वतःच्या हाताने लावता याव्यात म्हणून ती त्यांना घेऊन दुकानात आली.

"आमच्या कॉम्प्युटरला चालेल ना हा? नाहीतर घरी नेऊन पंचाईत," ती विचारत होती.

"लावला की चालू, ताई," दुकानदार म्हणाला.

मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. काउंटरवर आम्ही तिघे होतो. एकाला साठेक बटणं, दुसरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. मास्तरांनी डोळे मिटले आणि एकेकावरून अंगठा फिरवला. माझ्या मधल्या फुगीर बटणावर तो थांबला. "हा घे. ह्याचं बटण हाताला कळतं." काय सांगू, माझी छाती फुगली!

घरी येताच त्यांनी कोटाच्या उरलेल्या अस्तराचं मला कव्हर शिवलं. मागे चोरखिसाही ठेवला. मग रोज संध्याकाळी चहा झाला की मी त्यांच्या हातात. एका कॅसेटमध्ये मास्तरांनी घाईत कोटाची बाही उलटी लावली आहे आणि बायको काजं करता करता पोट धरून हसते आहे. "अहो, हा कोट घालणार कोण?" नेमकं तिथे मास्तर माझं मधलं बटण दाबत. हसणारा चेहरा पडद्यावर थांबे. मास्तर बघत बसत. ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो.

पुढे कॉम्प्युटर थकला. नवा आला, सोबत त्याचा सपाट, चकचकीत रिमोट आला. जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याकडे निघाला तेव्हा मास्तरांनी हळूच माझा जोडीदार त्यातून उपटला, माझ्या चोरखिशात घातला आणि विसरून गेले. माझी रवानगी खणात झाली.

नव्या रिमोटवर मास्तरांचा अंगठा घसरायचा. हसणं पुढे पळून जायचं. "अगं, जरा लावून देतेस?" ते हाक मारत. मुलीचं घरूनच ऑफिस. "पाच मिनिटं थांबा ना, बाबा!" तीनचार दिवसांनी हाक बंद झाली. "डोळे दुखतात," म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले. मुलगी काय ते समजली. तिने मला खणातून काढलं, पण रिसीव्हर सापडेना. सगळं घर पालथं घातलं. अगं बाई, माझ्या पाठीला हात तरी लाव! मी मनात ओरडत होतो. पण मला तोंड कुठलं?

"रिसीव्हरच नाही, बाबा. टाकून देते हा."

"कव्हर दे इकडे. अस्तर चांगलं आहे," म्हणत मास्तरांनी मला हातात घेतलं. शिवणीवरून फिरणारं बोट खिशाशी अडलं. "अगं, हे बघ, हे इथे आहे होय!"

"तुम्ही काढून ठेवलात?"

"जुना कोट टाकताना आम्ही बटणं काढून ठेवतो. तुझ्या त्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यातून एवढंच एक निघत होतं."

मुलगी आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. तिने जोडीदाराला नव्या कॉम्प्युटरला लावलं. त्यानेही आम्हा म्हाताऱ्यांना मुकाट्याने ओळखलं.

मित्रांनो, रिमोट घेताना तो कॉम्प्युटरला चालतो का, हे जरूर विचारा. पण तो ज्यांच्या हातात राहणार, त्यांच्या हातात आधी देऊन बघा. आणि आम्हाला खणात टाकाल तेव्हा सेल तेवढे काढा हो, गंज चढतो.

त्या संध्याकाळी मुलगी शेजारी बसली होती. बाही उलटी लागली, हसू फुटलं, अंगठा दाबला गेला. चेहरा थांबला.

"तू जा आता, तुझं काम कर," मास्तर म्हणाले. "माझं मला जमतंय."