तिसऱ्या दगडापर्यंत पाणी

कल्पना करा, तुम्ही अकरा दिवस चालताय. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून, दलदलीतून. मोजे एकदाही पुरते वाळलेले नाहीत. आता एकच नदी उरलीय. ती ओलांडली की तासाभरावर धक्का. तिथून तीनला बोट सुटते आणि धक्क्यावर आई वाट बघतेय.

दहा वर्षांची शोनाग अशीच नदीकाठी उभी होती. शेजारी तिचे आजोबा, तोरमोद. पाऊस केव्हाच थांबला होता, ऊन पडलं होतं, तरी पाणी वाढत होतं.

"आजोबा, पाऊस तर नाहीये. मग हे येतंय कुठून?"

"वरच्या डोंगरातून. तिथे सकाळी पडलेला आत्ता इथे पोचतोय. आभाळाकडे काय बघतेस, काठाकडे बघ."

त्यांनी तिला काठाच्या उतारावर तीन दगड मांडायला लावले, पाण्यापासून वर वर, वीतभर अंतराने. शोनाग पोटावर पडून बघत राहिली. कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी पहिल्या दगडाभोवती फिरलं, मग त्याच्यावरून गेलं. थोड्या वेळाने दुसराही बुडाला. तिसऱ्याला मात्र ते नुसतं टेकलं आणि थांबलं.

पावणेदोन वाजले होते.

"थांबलं बघ," आजोबा पाठपिशवीचा कमरपट्टा आवळत म्हणाले. "चल. आता उतरणारच ते."

"उतरलं कुठे अजून?"

"चाळीस वर्षं या नद्या ओलांडतोय मी, बाईसाहेब."

"मग पट्टा का आवळताय? पहिल्या नदीत तर मला सोडायला लावलात. पडलो तर पिशवी टाकून देता यावी म्हणून."

आजोबांचा हात पट्ट्यावरच राहिला. ते खाली बसले.

"पहिल्या नदीला माणूस घाबरून असतो," ते म्हणाले. "शेवटच्या नदीला त्याला घर दिसायला लागतं. मला दिसतंय ते. म्हणून आता मी नाही ठरवायचं, तू ठरव. आजची बोट गेली तर पुढची परवा."

"आई?"

"ती इथलीच आहे. नदी चढलीय हे तिला कळेल. पण तोंड पाडून बसेल."

शोनागने पलीकडे पाहिलं. पाऊलवाट अगदी समोर होती, दगड फेकला तर पोचेल इतकी जवळ.

मग तिने पिशवी पाठीला लावली आणि रात्री मुक्काम केलेल्या झोपडीकडे माघारी चालू लागली. आजोबा येताहेत का, हे बघायला ती वळलीसुद्धा नाही.