पान उलटायचं राहिलं

"करा सुरुवात," म्हणत मुख्याध्यापिकांनी पुस्तक गणिताच्या मास्तरांपुढे सरकवलं.

शाळेच्या स्वयंपाकघरातून बोलावून आणलेली काकू ओले हात एप्रनला पुसत खुर्चीच्या टोकावर बसली. मुलांच्या घरची भाषा जाणणारी शाळेत मोठी माणसं दोनच, मास्तर आणि ती. मास्तरांचं वाचन ऐकून, त्यांना ती भाषा नीट वाचता येते अशी सही तिने द्यायची. बारा वाजेपर्यंत सही झाली नाही, तर नववीचा मातृभाषेचा तास रद्द. तिची नात नववीत होती. हल्ली आजीला उत्तर द्यायची ती शाळेच्या भाषेत, तेही तोंड फिरवून.

मास्तर वाचू लागले. आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. काकूची नजर मात्र त्यांच्या बोटावर होती. धडा पाण्यासारखा वाहत होता आणि बोट पहिल्याच ओळीवर मुक्काम ठोकून होतं.

मुख्याध्यापिकांनी कागदांतून मान वर केली. "अजून पहिलंच पान?"

मास्तरांचा आवाज अडकला. काकूने हात लांबवला आणि पान उलटलं.

"हं, पुढे."

मास्तर पुढे म्हणत गेले.

"बरोबर वाचतात ना?"

"तुम्हीच ऐकलंत की," काकू म्हणाली आणि सहीच्या जागी दात आवळून आपलं नाव काढलं.

मास्तरांनी तिला जिन्यात गाठलं.

"काकू, तुम्हाला कळलं."

"डोळे फुटले नाहीत माझे."

"आई झोपवताना हा धडा म्हणायची. बोलता सगळं येतं, अक्षर एक कळत नाही. पण शिकवायला दुसरं कुणी नव्हतंच, तास गेला असता."

"माझ्या नातीपुढे हे सोंग घटकाभर टिकायचं नाही. माझ्यावर गेलीय ती."

"मग सोमवारी तास सुरू होईपर्यंत तुम्हीच मला वाचायला शिकवा. कुणाला कळणार नाही."

काकू एक पायरी उतरली, थांबली.

"मला येत असतं तर पुस्तकात बघितलं असतं. तुझं बोट कशाला बघत बसले असते? नातवंडांपुढे मीही असंच वाचते. पान तेवढं वेळेवर उलटते."

मास्तर हसायला गेले, पण तिचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं.

"घरात वाचता येतं ते एकट्या सुनेला," ती कठड्याकडे बघत म्हणाली. सुनेशी तिचा तीन महिने अबोला होता. मिठाचा डबासुद्धा नातीला मधे घालून मागितला जायचा.

"संध्याकाळी घरी ये. मी सांगते तिला."

खाली पोचल्यावर तिने एप्रनची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली.

"विचारते तिला," ती म्हणाली.