शेवटच्या अकरा नोंदी

अप्पांना जाऊन दोन महिने झाले, तेव्हा मी कमठाण्याच्या घरी बसून लायब्ररीची नवी आवृत्ती तयार करत होते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. सूर्य-चंद्र कोणत्या क्षणी आकाशात कुठे असतील याचं गणित करणारा हा कोड मी आठ वर्षांपूर्वी लिहिला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. कॅलेंडरं बनवणारे, शाळा-कॉलेजातले शिक्षक आपापल्या प्रोग्रॅममध्ये तो जोडून घेतात.

त्यात एक चूक होती आणि ती अप्पांनी दाखवली होती. ते भालकीच्या हायस्कुलातून निवृत्त झालेले विज्ञानशिक्षक, गावात नागसेन गुरुजी. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन सूर्याची शेवटची कड माळाआड गेली की मोबाइलमधली वेळ बघायचे आणि मला हैदराबादला फोन करायचे.

"प्रियंका, लिही. सहा एकवीस चाळीस. तुझं गणित दहा सेकंद उशिरा चालायलंय."

"अप्पा, तुमचा चष्मा बदला."

"चष्मा कामून बदलू? सूर्य माझ्या चष्म्याला विचारून बुडतो व्हय?"

त्यांचंच बरोबर निघालं. क्षितिजापाशी हवेमुळे किरण वाकतात, म्हणून सूर्य बुडाल्यावरही थोडा वेळ दिसत राहतो. मी ते वाकणं समुद्रसपाटीचं धरलं होतं. आमचं पठार दोन हजार फुटांवर आहे. इथली हवा विरळ, वाकणं कमी, म्हणून सूर्य लवकर दिसेनासा होतो. हे मला कळलं तेव्हा ते ऐकायला अप्पा नव्हते.

त्या दिवशी दुपारी दुरुस्ती पूर्ण झाली. कोडसोबत सर्वांसाठी ठेवलेल्या अप्पांच्या चारशे बारा नोंदी मी चाचणीसाठी लावल्या. नवं गणित त्यांच्याशी आठ सेकंदांच्या आत जुळायला हवं होतं. चारशे एक जुळल्या. अकरा जुळल्या नाहीत, आणि त्या अकराही ओळीनं, शेवटच्या होत्या.

आधी वाटलं, माझंच काही चुकलं. मग त्या अकरा वेळा जुन्या आवृत्तीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिल्या. सेकंदासकट त्याच. डोळ्यांनी घेतलेली नोंद इतकी नेमकी कधीच येत नाही. धूळ असते, मोबाइलकडे नजर उशिरा वळते. जुनी आवृत्ती मीच अप्पांच्या मोबाइलवर बसवून दिली होती.

त्यातल्या एका संध्याकाळी मी फोनवर हसले होते. "आज तर एका सेकंदानंही चुकला नाहीत."

"शिकलो म्हण शेवटी," ते म्हणाले होते.

माय अंगणात तूर निवडत होती. मी तिच्यापाशी जाऊन बसले.

"माय, शेवटी शेवटी अप्पा गच्चीवर जात होते का गं?"

तिचा हात थांबला नाही. "तुला कोणी सांगितलं?"

"आकड्यांनी."

"दोन पायऱ्या चढले की धाप लागायची. खाली खाटेवर बसूनच मोबाइलात बघायचे आन् तुला सांगायचे. मला हातानं खुणवायचे, गप म्हणून."

"मला एक फोन नाही का करायचास?"

"केला असता की. पण ते म्हणाले, पोरगी काम सोडून पळत येईल, दोन दिवसांत बरं वाटलं की मीच सांगतो." तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "दोन दिवस, दोन दिवस करत अकरा झाले."

मी आले असते. बिदरला दवाखान्यात नेलं असतं. पुढचं मला माहीत नाही, आणि आता ते कोणत्याच गणितानं कळणार नाही.

"या अकरा नोंदी काढाव्या लागतील," मी म्हणाले. "का काढल्या तेही लिहावं लागेल."

"कामून? राहू दे की. कोणाला कळायलंय?"

"लोक या नोंदींवर आपलं गणित तपासतात, माय. आणि या अकरा डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत."

"मंजे तेंनी खोटं सांगितलं, असं लिहिणार?" आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "जल्मभर पोरांच्या वह्या तपासल्या त्या माणसानं. पोरानं दुसऱ्याचा आकडा उतरवला की पुन्हा प्रयोग करायला लावायचे. तेंचं नाव तसं जाऊ देऊ नको."

मी लॅपटॉप तिथंच मांडीवर घेतला. त्या अकरा नोंदी वेगळ्या केल्या, त्यांवर टीप लिहिली आणि तिला वाचून दाखवली. "या वेळा पाहून घेतलेल्या नाहीत, जुन्या आवृत्तीतून घेतल्या आहेत. निरीक्षक नागसेन गुरुजी आजारी होते."

मायनं सूप खाली ठेवलं.

"आजारी नको लिहू," ती म्हणाली. "आजारी माणूस झोपून राहतो. हे रोज त्या वेळेला शर्ट घालून जिन्यापशी जायचे. पाय उचलायचा न्हाई."

मी शेवटचं वाक्य खोडलं. तिथं लिहिलं : निरीक्षक नागसेन गुरुजी यांना या अकरा दिवसांत जिना चढता आला नाही.

"असं?"

"हं. असं."

उरलेल्या चारशे एक नोंदींवर चाचणी पुन्हा चालवली. सगळ्या जुळल्या. मी नवी आवृत्ती खुली केली आणि मायच्या सुपातली मूठभर तूर माझ्यापुढे ओढून घेतली.