लाल सुईचा गुण

दर सोमवारी सकाळी लातूरच्या त्या दवाखान्यात (नाव कशाला? दवाखाना चांगला आहे) मुलांच्या मनोविकार वॉर्डासमोर जत्रा भरायची. चाकूरहून, थेट अर्धापूरहूनही माणसं यायची. औषध घ्यायला थोडी, बघायला फार. रेवणप्पा ब्रदरची लाल सुई! टोचली की कसलंही दुखणं थांबतं, अशी तिची ख्याती.

ब्रदर म्हणजे पुरुष नर्स; वीस वर्षं त्या वॉर्डात होते. लबाड अजिबात नव्हते. स्वतःच्या चमत्कारावर त्यांचा स्वतःचाच विश्वास होता, आणि असा माणूस आवरणं फार अवघड.

त्या दिवशी पलंगावर दामिनी होती. चाकूरच्या मल्लेश कापडवाल्यांची तेरा वर्षांची मुलगी. महिनाभर गुडघा दुखतो म्हणून लंगडायची, शाळेचा जिना चढेना. गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला, तो स्वच्छ आला. फोटो स्वच्छ म्हणजे मन मळलेलं, या न्यायानं तिची रवानगी इथं झाली.

"दुखणं म्हंजे माळ्यावरचं मांजर!" ब्रदर गर्दीला सांगत होते. "दिसत न्हाई, निस्तं खुडबुड करतंय. आपण हाकलायचं!"

लाल सुई भरली. ट्रेमध्ये शेजारी दुसरी ठेवली, म्हशीला टोचावी एवढी. "हिनं न्हाई थांबलं, तर ती हाय," म्हणत ब्रदरनी पहिली टोचली. "दुखतंय का बाळ?"

दामिनीनं ट्रेकडे पाहिलं. "न्हाई."

"हर हर महादेव!" गर्दी गरजली. एका आजीनं सिरिंजला हात जोडले.

"सुईत काय होतं? पाणी, आन् रंगापुरतं व्हिटॅमिन!" ब्रदर खुलले. "पाण्यानं थांबलं म्हंजे नाटक होतं. चल बाळ, व्हरांड्यात दोन चकरा पळून दाखव."

"पळ गं," मल्लेश खाली मान घालून म्हणाले. "लई शोभा झाली."

दामिनी ओठ दाताखाली धरून उठली.

"बस खाली. पाय टेकवू नको." आवाज उमादेवी सिस्टरचा होता. आठवड्यापूर्वीच नांदेडहून, हाडांच्या वॉर्डातून बदलून आल्या होत्या. त्यांनी आधी ट्रे उचलून बाहेर पाठवला. मग केसपेपरच्या पाठीवर पाच तोंडं काढली, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. "दामिनी, आत्ता यातली तू कोणती?"

दामिनीनं शेवटच्या तोंडावर बोट ठेवलं.

"मग मघाशी 'न्हाई' का म्हणालीस?"

"ती मोठी सुई होती ना, सिस्टर."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पोरं खोटं बोलतात!" ब्रदर तडकले.

"हाव, बोलतात की. आता कवा बोलली ते बघू. सुई समोर असताना, का सुई गेल्यावर?"

सिस्टरनी तिला आडवं करून पाय हळूच दुमडला. पाऊल आपोआप बाहेर वळलं आणि दामिनी किंचाळली.

"फोटो गुडघ्याचाच काढला ना? आता खुब्याचा काढा. स्ट्रेचरवर न्या."

खुब्याचा फोटो आला. मांडीच्या हाडाचा गोळा जागेवरून सरकला होता. दुखतं गुडघ्यात आणि बिघाड खुब्यात, असं या वयात होतं. दोन चकरा पळाली असती, तर गोळा पार निसटून पाय जन्माचा अधू झाला असता. हाडांच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी ऑपरेशन ठरवलं.

ब्रदरनी फोटो उजेडाकडे धरून पाहिला. "सिस्टर, मनाचं ट्रेनिंग तीनदा झालं माझं. दुखण्याचं एकदाबी न्हाई."

"मग उद्यापासून माझ्याकडं बसा. चहा तुमचा."

मल्लेशनी मान वर केली. "म्हंजे माझी पोरगी नाटक करत नव्हती?"

"करत होती की," उमादेवी म्हणाल्या. "दुखत न्हाई, असं."

तेव्हा मंडळी, लेकरू दुखतंय म्हणालं की आधी खरं माना, मग कारण शोधा. पाण्यानं बरं वाटलं म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, आणि मन आजारी असलेल्या मुलालाही हाडं असतात. खरं उत्तर हवं असेल, तर विचारताना हातातली सुई खाली ठेवा.