नुसतं वाचायचा नेम

त्र्यंबकशास्त्री थकले होते. दुखणं म्हणावं असं काही नव्हतं. पंचावन्नी उलटली होती, गळा लवकर बसत होता, आणि देवळात पुराणाला बसलं की पोथीतली पुढची ओळ डोळ्यांच्या आधी तोंडात येत होती. अकोल्यातल्या त्या देवळात ते तरुणपणापासून पुराण सांगत आले होते. कोणत्या प्रसंगाला बायका डोळ्यांना पदर लावणार, कुठे म्हातारे माना डोलावणार, हे त्यांना पाठ होतं. त्यांचे स्वतःचे डोळे मात्र कित्येक वर्षांत ओले झाले नव्हते.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे तो भाव आलेला. मुंबईचे अडते थेट अकोल्यात येऊन उतरत. ज्वारीच्या रानातही लोकांनी कपाशी पेरली होती. देवळातली गर्दी ओसरली होती. जे येत तेही मागच्या खांबाला टेकून भावाचंच बोलत. शास्त्रीबुवा आवाज चढवून पाहत, मग तेही सोडून देत.

आषाढ लागताच त्यांच्या पत्नी गोदावरीबाईंचे भाऊ बापूसाहेब अमरावतीहून आले. ते तिथल्या कचेरीत होते. बहिणीच्या यजमानांसाठी त्यांनी एक छापील पुस्तक आणलं होतं.

“भावोजी, ही कादंबरी. मुंबईत सध्या असली निघताहेत. सगळं मनचं रचलेलं, पण खाली ठेववत नाही.”

“खोटं वाचून काय करायचं?” शास्त्रीबुवा म्हणाले.

“काही करायचं नाही. नुसतं वाचायचं.”

बापूसाहेब परत गेल्यावर दोन दिवस पुस्तक कोनाड्यात पडून होतं. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर शास्त्रीबुवांनी ते सहज उघडलं. पहिली चार पानं उभ्यानेच वाचली, मग भिंतीला टेकून बसले. कुमुदा नावाच्या एका मुलीची ती गोष्ट होती. लग्नानंतर वर्षाच्या आत तिच्या नवऱ्याचं गलबत वादळात फुटलं. सगळे म्हणाले, तो बुडाला. तिला ते पटेना. सासूने तिचं कुंकू पुसायला हात पुढे केला तेव्हा ती तो हात धरून म्हणाली, “आधी मी शोधून येते.” आणि घराबाहेर पडली.

शास्त्रीबुवा थांबले. पुढे काय होणार, त्यांना ठाऊक नव्हतं. असं कधी झालं होतं ते आठवेना. पोथीतल्या प्रत्येकाचं पुढे काय होतं, ते मुंजीच्या वयापासून त्यांना माहीत होतं.

आषाढी एकादशीला आळीतल्या लोकांनी चातुर्मासाचे नेम धरले. कोणी कांदा सोडला, कोणी मीठ. “तुमचा काय नेम यंदा?” गोदावरीबाईंनी विचारलं.

“रोज दुपारी या पुस्तकाची थोडी पानं वाचायची. कार्तिकी एकादशीपर्यंत संपवायचं.”

“हा कसला नेम? मला वाचून दाखवाल?”

शास्त्रीबुवांनी कोनाड्याकडे पाहिलं. “जन्मभर दुसऱ्यांसाठी वाचत आलो गं. हे एवढं माझं राहू दे.”

गोदावरीबाई ताट उचलून आत गेल्या.

मनातल्या मनात वाचणं त्यांना जमत नव्हतं. ओठ हलत, आणि वादळाचा किंवा भांडणाचा प्रसंग आला की आवाज आपसूक बाहेर पडे. मग ते दचकून गप्प होत आणि पुन्हा पुटपुटू लागत. श्रावण असा गेला, भाद्रपद गेला. कुमुदा बंदरामागून बंदर पालथं घालत होती. कुठे तिला चोर ठरवलं, कुठे एका कोळिणीने ठेवून घेतलं. देवळात पुराण सांगताना मधेच शास्त्रीबुवांच्या मनात येई, ती आत्ता कुठे असेल? एकदा तर पोथीतल्या राणीच्या जागी त्यांच्या तोंडून कुमुदेचं नाव निघून गेलं. मागच्या खांबाशी बसलेल्या जानरावांनी ते ऐकलं.

जानराव हिवरखेडचे मोठे शेतकरी. काळीभोर जमीन, बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा. कापसाच्या व्यवहारासाठी त्यांनी अकोल्यात घर घेतलं होतं. पुराण संपल्यावर ते पुढे आले.

“महाराज, हे कुमुदा कोन व्हय? आमी तं आइकली नाई कधी.”

शास्त्रीबुवांना खोटं बोलता येईना. त्यांनी सगळं सांगितलं. जानराव रागावतील असं त्यांना वाटलं होतं, पण ते खूश झाले.

“मंग आमच्या इथं वाचा ना! घरात मानसं बसून राह्यते नुसते. मुंबईचे पाहुने बी हायेत. पोथी तं नेहमीचीच हाय, हे नवं आइकू द्या आमाले.”

नाही म्हणायला हवं होतं. पण दर श्रावणात जानरावांच्याच घरचा शिधा येत असे, आणि नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. शास्त्रीबुवा हो म्हणाले.

आश्विनातल्या एका दुपारी जानरावांच्या ओसरीवर सतरंज्या पडल्या. आत दाराशी त्यांची बायको मनकर्णा आणि शेजारच्या बायका, बाहेर अडते, दलाल, गावाकडची माणसं. शास्त्रीबुवांनी सुरुवातीची हकीकत तोंडी सांगितली आणि जिथवर घरी वाचून झालं होतं तिथून वाचायला लागले. कुमुदा एका बंदरावर पावसात अडकली होती, आणि एक आंधळा नावाडी तिला म्हणत होता की, तू सांगतेस तसा तुझ्या नवऱ्याचा आवाज मी ऐकला आहे.

“याचा अर्थ काय महाराज?” एकाने विचारलं. “नावाडी म्हंजे देवच असंन?”

“तसं लिहिलेलं नाही,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“मंग यातून घ्याचं काय?” दुसरा म्हणाला.

शास्त्रीबुवांनी सवयीने दोन शब्द धीराविषयी सांगितले. सांगताना त्यांनाच कंटाळा आला. थोडं वाचलं की पुन्हा कोणी थांबवी. तेवढ्यात बाहेर गाड्या येऊन लागल्या. जानरावांना कापसाच्या तोलाला जायचं होतं. ते उठता उठता म्हणाले, “महाराज, मले जा लागते. तिचा नवरा भेटते का नाई, तेवढं सांगून टाका.”

“मला माहीत नाही. मी अजून तिथवर वाचलेलं नाही.”

ओसरीवर हसू उठलं. पुराणिकाला कथेचा शेवट माहीत नाही! मुंबईच्या एका अडत्याने शेजाऱ्याच्या कानात काही सांगितलं, तो आणखी हसला.

“मंग पाहा ना शेवटचं पान,” जानराव सरळ मनाने म्हणाले. “पुस्तक तं हातातच हाय. काहून अडून राहिले?”

सगळे त्यांच्याकडे बघत होते. आतून मनकर्णाचा आवाज आला, “राहू द्या जी, आमाले आइकाचं हाय रोजच्या रोज.” पण तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. शास्त्रीबुवांनी शेवटचं पान काढलं आणि वाचून दाखवलं. कुमुदा आणि तिचा नवरा आपल्या अंगणात बसलेले होते, आणि संध्याकाळ होत होती.

“भेटले म्हना!” जानराव म्हणाले. “चांगलं झालं.” माणसं उठली. पाठीमागे सतरंज्या गोळा होऊ लागल्या. मनकर्णाने दूध पाठवलं, ते शास्त्रीबुवांनी उभ्यानेच घेतलं.

घरी येऊन त्यांनी पुस्तक कोनाड्यात ठेवलं आणि पाय न धुताच आडवे झाले.

“काय झालं?” गोदावरीबाईंनी विचारलं.

“शेवट वाचायला लावला मला.”

“मला सांगू नका हं!” त्या एकदम म्हणाल्या.

शास्त्रीबुवा उठून बसले. “तुला काय करायचंय? तू कुठे ऐकलीस?”

“चुलीपाशी सगळं ऐकू येतं. कोळिणीच्या घरून ती निघाली तेव्हा तुमचाच आवाज भरून आला होता.”

“मग इतके दिवस बोलली नाहीस?”

“तुम्ही म्हणालात, माझं राहू दे. मी राहू दिलं.”

शास्त्रीबुवा पुन्हा आडवे झाले. पुढे कितीतरी दिवस त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. पुराण सांगायचं, घरी यायचं, पडून राहायचं. नेम मोडला होता आणि त्याचं वाईट वाटण्याइतकंही त्राण नव्हतं. दिवाळी झाल्यावर एका दुपारी गोदावरीबाई निवडायच्या डाळीचं सूप घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

“ती अजून त्या पावसातच उभी आहे,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस कोणी माणसाला असं ठेवतं का?”

शास्त्रीबुवांनी पुस्तक काढलं. या वेळी त्यांनी ओठ आवरले नाहीत, पावसाच्या प्रसंगापासून सरळ मोठ्याने वाचलं. दोघं भेटणार हे त्यांना माहीत होतं, पण कसे ते कुठे माहीत होतं? नावाड्याने ऐकलेला आवाज भलत्याच माणसाचा निघाला. गोदावरीबाईंचे हात सुपात थांबले. “मेला नावाडी!” त्या म्हणाल्या, आणि शास्त्रीबुवांनी अर्थबिर्थ काही न सांगता पान उलटलं. कुमुदा माघारी फिरली त्या ठिकाणी त्यांचा आवाज फुटला. डोळे पुसायला त्यांनी उपरण्याचं टोक घेतलं. गोदावरीबाईंनी पाहिलं, पण मान खाली घालून डाळ निवडत राहिल्या.

कार्तिकी एकादशी होऊन गेली तरी पुस्तक पुरं झालं नव्हतं. संपलं तेव्हा थंडी पडली होती आणि गल्लीतून कापसाच्या गाड्या दिवसभर चालल्या होत्या.

“भेटले खरे,” गोदावरीबाई म्हणाल्या, “पण त्या सासूचं काय झालं? कुंकू पुसायला निघाली होती ती?”

“लिहिणारा विसरला असेल.”

“असं कसं विसरला? मी नसते विसरले.” मग जरा वेळाने म्हणाल्या, “बापूला निरोप धाडा ना. अमरावतीत आणखी एखादं मिळत असेल.”

“धाडू,” शास्त्रीबुवा म्हणाले. “थोडे दिवस जाऊ दे. गळा फार दुखतोय.” आणि देवळात जायला अजून थोडा वेळ होता म्हणून त्यांनी अंगावर घोंगडी ओढून घेतली.